'हे सगळं कशासाठी?' हा प्रश्न घेऊन थेरपिस्टकडे जावं का?

प्रश्नकर्त्यांनी बरंच मोकळेपणानं लिहिलं आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. वय ४४, पुण्याजवळ हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग मॅनेजर, पिंपळे सौदागरला फ्लॅट, बायकोची नोकरी, मुलगी नववीत, गृहकर्ज फिटत आलेलं. मूळ गाव करमाळा तालुक्यात. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, ते दीड वर्षापूर्वी गेले. तक्रार करावी असं काही नाही, तरी गेलं वर्षभर 'हे सगळं कशासाठी चाललंय' हा प्रश्न पाठ सोडत नाही. बायको म्हणते डॉक्टरांना दाखवून ये, मित्र म्हणतो विपश्यनेला जा. त्यांचं विचारणं असं की हे डिप्रेशन आहे का, आणि नसेल तर थेरपिस्ट आयुष्याचा अर्थ शोधून देतो, की नुसतं ऐकून घेतो आणि फी लावतो?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. अर्थ शोधून देतो म्हणणारा कुणी भेटला तर सरळ उठून या. पुण्यात आयुष्याचा अर्थ सांगणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती. शनिवारी संध्याकाळी टिळक रोडच्या आसपास कुठल्याही सभागृहात डोकावलं तर कुणीतरी माइकवरून तो सांगत असतंच. थेरपीचं काम त्या मानानं बरंच रुक्ष आहे. आपलं जगणं मोलाचं आहे असं तुम्हाला आजवर कशामुळे वाटत होतं, त्यातलं नेमकं काय सुटलं, आणि ते पुन्हा हाताशी यावं म्हणून या आठवड्यात काय करून बघता येईल, याचा शोध दोघांनी मिळून घ्यायचा. ऐकून घेणं त्यात आलंच. पण नुसतंच ऐकून घेतलं जात असेल तर तुमची शंका रास्त आहे.

आता डिप्रेशन. हा निकाल आधी लागायला हवा, कारण ते असेल तर अर्थबिर्थ बाजूला ठेवून आधी उपचार करायचे असतात. तुम्ही लिहिता की रविवारी मुलीबरोबर बॅडमिंटन खेळताना मजा येते, मॅच बघता, जेवण जातं, झोप बरी आहे. ऑफिसमधून निघून गाडीत बसलं की मात्र पोटात खड्डा पडतो. नैराश्याच्या आजारात साधारण याच्या उलट चित्र दिसतं. दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा भाग मन खचलेलं असतं किंवा कशातच गोडी वाटत नाही. शिवाय झोप, भूक, ताकद, एकाग्रता यांतलं बरंच काही बिघडतं, आपण नालायक आहोत असं वाटत राहतं. पहाटे तीन-चारला जाग येते ती येतेच. 'कशासाठी' हा प्रश्न त्या माणसालाही पडतो, पण त्याचं उत्तर त्याच्यापाशी तयार असतं: कशासाठीच नाही. तुमचा प्रश्न अजून उघडा आहे, तुम्ही तो चार लोकांना विचारताय. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. तरी पत्रावरून निदान करता येत नाही, आणि दोन्ही गोष्टी एकाच माणसात सुखानं नांदू शकतात. तेव्हा एकदा प्रत्यक्ष तपासून घ्या.

तपासून घेताना थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, डी जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिनही बघा. शाकाहारी घरांत बी-ट्वेल्व्ह कमी निघणं ही अगदी नित्याची गोष्ट आहे. थकलेल्या शरीराला सगळंच निरर्थक वाटू लागतं. रात्री घोरता का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, हे बायकोला विचारा. शुक्रवारच्या दोन पेगांचे चार झालेत का आणि शुक्रवार हळूहळू बुधवारपर्यंत आलाय का, हे मात्र स्वतःलाच विचारा. पत्रात दारूचा उल्लेख नाही, पण या वयाच्या आणि या नोकरीच्या पुरुषांना मी हे विचारल्याशिवाय राहत नाही.

आणखी एक गोष्ट मी कुणालाही पहिल्याच भेटीत स्पष्ट शब्दांत विचारते: जगूच नये, असं मनात येतं का? असं विचारल्यानं तो विचार डोक्यात भरवला जातो, ही समजूत चुकीची आहे. उलट माणसाला बोलायला जागा मिळते. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं उत्तर 'हो' असेल तर अर्थाची चर्चा थांबवा आणि १४४१६ ला फोन करा. सरकारची टेलि-मानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.

हे सगळं बाजूला केल्यावर जो प्रश्न उरतो तो जुनाच आहे. युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाच्या १९३३ मध्ये इंग्रजीत आलेल्या निबंधांत तो सांगतो की त्याच्याकडे येणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना नाव देण्याजोगा आजारच नसतो, आयुष्य निरर्थक आणि रिकामं झाल्याचा त्रास असतो. म्हणजे हिंजवडीतल्या आयटी कंपन्या येण्याआधीपासून चांगली नोकरी आणि भरलेलं घर असलेले लोक हीच तक्रार घेऊन डॉक्टरच्या दारात बसत आहेत.

या विषयात व्हिक्टर फ्रांकल हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. जन्म १९०५, व्हिएन्नातला मनोविकारतज्ज्ञ. ज्यू असल्यामुळे १९४२ च्या सप्टेंबरमध्ये त्याला नाझींच्या छळछावणीत नेलं. एप्रिल १९४५ मध्ये सुटका होईपर्यंत तो चार छावण्यांतून गेला. आई, वडील, भाऊ, पत्नी सगळे गेले. अर्थाचा शोध ही माणसाची मूळ ओढ आहे, हे त्याच्या लोगोथेरपी या उपचारपद्धतीचं सूत्र. छावणीत त्याला हा साक्षात्कार झाला, असं व्याख्यानांतून बिनदिक्कत सांगितलं जातं. ते खरं नाही. हा विचार त्यानं १९२० च्या दशकातच मांडायला सुरुवात केली होती, आणि त्या पद्धतीवरच्या पुस्तकाचं हस्तलिखित कोटात घेऊनच तो आउशवित्झला पोचला. ते तिथं गेलं ते गेलंच.

मला त्याचं त्याआधीचं एक काम जास्त उपयोगी वाटतं. १९३३ मध्ये, मंदीच्या काळात, त्यानं बेकार तरुणांच्या उदासीवर लिहिलं. त्याचं म्हणणं असं होतं की या मुलांनी मनात एक चुकीचं गणित मांडलेलं असतं. काम नाही म्हणजे मी निरुपयोगी, आणि निरुपयोगी म्हणजे माझ्या जगण्याला अर्थ नाही. त्यानं त्यांना वाचनालयात, तरुणांच्या संघटनांमध्ये बिनपगारी काम करायला लावलं. पोट तेवढंच रिकामं राहिलं, पण उदासी हटली.

नवी पेठ, शास्त्री रोड, सदाशिव पेठ इथल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांतून येणारी मुलं समोर बसली की मला हे हटकून आठवतं. पूर्व, मुख्य, मुलाखत, पुन्हा पूर्व. वय तिशीकडे झुकलेलं, गावाकडून दर महिन्याला येणारे पैसे, आणि लग्नकार्यात 'काय, निघाली का पोस्ट?' म्हणून विचारणारे मामा. आयुष्याला एकच दिशा, आणि तीही एका आयोगाच्या हातात. असाच एक मुलगा दुपारी बारापर्यंत अंथरुणातच असायचा. त्याच्या अभ्यासिकेत गावाकडून नवी आलेली मुलं फॉर्म भरताना हमखास चुकायची, जातीच्या दाखल्यापासून नॉन-क्रीमीलेयरपर्यंत. हा त्यांचे फॉर्म भरून द्यायला बसू लागला. त्याची स्वतःची पोस्ट काही निघाली नाही. पण लोक वाट बघत असायचे म्हणून तो सकाळी नऊला आंघोळ करून हजर असायचा, आणि दुसऱ्या कुठल्या नोकरीचा विचार करण्याइतकं बळ त्याच्यात तिथूनच आलं.

त्याची आणि तुमची तक्रार शब्दशः एकच आहे, 'कशासाठी?', तरी प्रश्न वेगवेगळे आहेत. इथं अलीकडचं संशोधन कामी येतं. फिनलंडचा फ्रँक मार्टेला आणि अमेरिकेचा मायकेल स्टेगर यांनी २०१६ मध्ये मांडलं की आयुष्याचा अर्थ म्हणतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. जगण्याची संगती लागणं, म्हणजे जे घडतंय ते कळण्याजोगं वाटणं. मग दिशा, म्हणजे पुढे काहीतरी गाठायचंय असं वाटणं. आणि मोल, म्हणजे आपलं असणं दखल घेण्याजोगं आहे, असं वाटणं. एक सुटलं तरी माणूस म्हणतो 'अर्थच नाही', आणि आजूबाजूचे लोक भलत्याच जागी मलम लावत बसतात.

कोरोनाच्या २०२१ च्या लाटेत नवरा गेलेल्या बाईला दिशा नव्हती असं नाही. मुलं होती, हप्ते होते, करायला हजार गोष्टी होत्या. तिची संगती तुटली होती. 'आम्ही मास्क लावत होतो, बाहेर पडत नव्हतो, मग आम्हीच का?' जग कसं चालतं याचा आपला हिशेब आणि प्रत्यक्षात घडलेलं यांत जेवढं अंतर, तेवढा त्रास, असं क्रिस्टल पार्क या मानसशास्त्रज्ञ सांगतात. अशा बाईला 'आता मुलांसाठी जग' म्हणणारे नातेवाईक चुकीचं बोलत नसतात, पण तिनं न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत असतात. तिला तीच गोष्ट परत परत सांगू द्यावी लागते, बेड शोधत फिरलेल्या रात्रीसकट, सांगता सांगता मधेच थांबून तिला एखादा नवा तपशील आठवेपर्यंत.

मोल गेलेली माणसं कोथरूड, एरंडवण्यात भरपूर भेटतात. मुलगा सिएटलला, मुलगी न्यू जर्सीत, पेन्शन चांगली, तब्येत ठीक. सकाळी व्हिडिओ कॉलवर नातू दिसतो आणि दोन मिनिटांत 'बाय आजी' म्हणून पळतो. 'माझ्यावाचून कुणाचं काय अडतंय?' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता पहिल्या तीन शब्दांतच ओळखते.

तुमचा प्रश्न मला याच जातीचा वाटतो. तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी बाजूला काढून ठेवलीत. एक असं: 'मी उद्या आलो नाही तर जिरामधलं माझं तिकीट संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच्या नावावर असेल.' (जिरा म्हणजे ऑफिसातली कामं नोंदवून वाटून देण्याचं सॉफ्टवेअर, तिकीट म्हणजे त्यातलं एक काम.) आणि दुसरं, जे तुम्ही कंसात, जाता जाता लिहिलंय: 'बाबांच्या तेराव्याला मांडवात माणूस मावत नव्हता, निम्म्यांना आम्ही ओळखतही नव्हतो, माझ्या वेळी ग्रुपवर आरआयपी पडतील.' तुमचा सगळा प्रश्न त्या कंसात आहे.

यावर घाईनं धीर देणारा माणूस म्हणेल, 'असं कसं, मुलीला तुमची गरज आहे की.' तुम्हाला हे ठाऊक नाही का? ठाऊक असूनही खड्डा पडतोच ना? म्हणून मी तसं म्हणणार नाही. मी तेराव्याबद्दल विचारीन. कोण कोण बोललं? नेमकं काय सांगितलं? कुणी म्हणालं असेल, गुरुजींनी परीक्षेची फी भरली. कुणी म्हणालं असेल, घरी येऊन आईला समजावलं म्हणून दहावी झाली. ते लोक सांगत असताना तुम्ही कुठं उभे होतात? रडलात का? तुम्ही लिहिता की चौदाव्या दिवशी लॅपटॉप उघडला, कारण रिलीज होती. मग शोक केव्हा झाला? माझा अंदाज असा की वर्षभर तुमच्यामागे लागलेल्या प्रश्नात निम्मा भाग न झालेल्या शोकाचा आहे. वेळ जुळतेच. अर्थाच्या प्रश्नाखाली कुणाचातरी मृत्यू सापडणं अजिबात दुर्मीळ नाही. अर्विन यालोम या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं १९८० मध्ये माणसाच्या मुळाशी असलेल्या चार चिंता सांगितल्या, मृत्यू, स्वातंत्र्य, एकटेपण आणि निरर्थकता, आणि प्रत्यक्ष कामात त्या सहसा एकट्यादुकट्या येत नाहीत.

त्यानंतर मी विचारीन, बाबा ४४ वर्षांचे असताना काय करत होते? तुम्ही तेव्हा शाळकरी असणार, काहीतरी आठवेलच. माझा तर्क असा की ते हजेरीपट भरत होते, निवडणुकीच्या ड्युटीवरून कावत होते आणि बदली कुठं होतेय या काळजीत होते. आपल्या तेराव्याला मांडव अपुरा पडणार आहे, याची त्यांना कल्पना असण्याचं कारण नाही. त्यांच्या आयुष्याची शेवटची बेरीज तुम्ही स्वतःच्या अर्ध्या हिशेबाशी ताडून बघताय.

पण एवढं सांगून तुमचं समाधान होऊ नये, कारण तुलनेत एक खरा मुद्दाही आहे. बाबांना त्यांच्या कामाचं फळ समोर बाकावर बसलेलं दिसायचं. टेस्टिंग नीट झालं की काय होतं? काहीच होत नाही. कुणाचं तरी पेमेंट अडकत नाही, कुठल्यातरी हॉस्पिटलातला रिपोर्ट चुकीच्या नावावर जात नाही, आणि त्या कुणालाच तुम्ही आहात हे कळत नाही. तुमच्या कामाला मोल नाही असं नाही. ते तुमच्यापर्यंत पोचायची सोयच त्या कामात नाही. अ‍ॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांवर प्रयोग केला. काही जणांची त्या देणग्यांमधून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी पाच मिनिटं भेट घडवली. बाकी काही बदललं नाही. महिन्याभरानं तेच लोक आधीच्या दुपटीहून जास्त वेळ फोनवर होते आणि देणग्याही दुपटीहून जास्त आणत होते. मला अशा प्रयोगांचं फार कौतुक नसतं, पण हा मी लोकांना आवर्जून सांगते.

मग सेशनमध्ये करायचं काय? पहिले दोन-तीन आठवडे मी एक साधी नोंद ठेवायला सांगते. रात्री झोपण्यापूर्वी दोन ओळी: आज मन कधी लागलं, आणि तेव्हा सोबत कोण होतं. 'आनंद कधी झाला' असं मी विचारत नाही. रॉय बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञाच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात एक गंमत दिसली. ज्यांना आयुष्य अर्थपूर्ण वाटतं त्यांच्या वाट्याला काळजी आणि ताण जास्त होते. सुख आजच्या क्षणाशी जास्त जोडलेलं असतं, तर अर्थ काल, आज आणि उद्या यांना एकत्र ओवण्याशी. पोरं वाढवणाऱ्या कुणालाही हे अभ्यासाविना माहीत आहे. म्हणून तुमचा मूड सुधारला की नाही, या मापानं हे काम मोजू नका. फसाल.

नोंदीत काय निघेल हे मला आत्ता सांगता येत नाही. एका माणसाच्या वहीत तीन आठवडे सलग सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचं भांडण निघालं होतं. तो वैतागून लिहायचा, पण मन तिथंच लागत होतं. तुमच्या वहीत हाताखालचा एखादा नवा मुलगा निघेल, ज्याला तुम्ही बग रिपोर्ट कसा लिहायचा ते समजावलंत. मुलीची गणितं निघतील. किंवा असं काही निघेल जे तुम्हाला माझ्यासमोर वाचायला लाज वाटेल. जे निघेल त्यातलं एक घ्यायचं आणि पुढच्या आठवड्यात ते मुद्दाम, दिवस-वेळ ठरवून, थोडं जास्त करायचं. आधी उत्साह वाटेल आणि मग करू, असं म्हणायचं नाही. करायला लागल्यावर वाटू लागतं, हा क्रम नैराश्याच्या उपचारांतही उपयोगी ठरलेला आहे. 'स्वीकार आणि बांधिलकी' या नावाच्या थेरपीत मूल्यांवर जो भर असतो, त्याचाही रोख हाच. ध्येय गाठलं की संपतं. मूल्य रोजच्या वागण्यात दिसावं लागतं.

ऐंशीव्या वाढदिवशी लोक तुमच्याबद्दल काय बोलतील ते लिहा, असा एक व्यायाम फार लोकप्रिय आहे. मला तो रुचत नाही. निदान आपल्याकडची माणसं त्यात व्हॉट्सअ‍ॅपवरचं सुविचारी मराठी लिहून आणतात. तुमच्या बाबतीत तर तो सक्त टाळीन, कारण मनातल्या मनात तुम्ही वर्षभर तोच करताय.

एक धोका आधीच सांगून ठेवते. बाबांसारखं व्हायचं म्हणून दर शनिवारी गावाकडच्या शाळेत शिकवायला जायची ऊर्मी तुम्हाला येईल. जा, अवश्य जा, पण चार शनिवार जाऊन वहीत बघा. मन लागत असेल तर उत्तम. नुसतं कर्तव्य बजावल्याचं समाधान असेल आणि घरी येऊन चिडचिड होत असेल तर ते बाबांचं उत्तर होतं, तुमचं नव्हे.

थेरपिस्टनं यात कुठं थांबायचं, याबद्दल फ्रांकलचा दाखला चांगला आहे. चित्रकार आपल्याला दिसतं तसं जग रंगवून दाखवतो. डोळ्यांचा डॉक्टर तुम्हाला तुमच्या डोळ्यांनी दिसावं म्हणून झटतो. थेरपिस्टनं दुसरं व्हावं. गंमत म्हणजे त्याचीच सर्वांत प्रसिद्ध गोष्ट मला या कसोटीवर जरा डळमळीत वाटते. पत्नीच्या मृत्यूनं खचलेला एक वृद्ध डॉक्टर त्याच्याकडे आला. फ्रांकलनं विचारलं, तुम्ही आधी गेला असता तर त्यांचं काय झालं असतं? डॉक्टर म्हणाला, तिला फार सोसावं लागलं असतं. म्हणजे तिचं ते दुःख तुम्ही वाचवलंत, असं फ्रांकल म्हणाला, आणि डॉक्टर हस्तांदोलन करून निघून गेला. छान आहे गोष्ट. पण भेटायला जाऊन कुणाच्या दुःखावर हा प्रयोग करू नका. तिथं तो लागू पडला कारण विचारणारा स्वतः पत्नी गमावलेला होता, किंवा मला तरी तसं वाटतं.

फ्रांकलचाच आणखी एक मुद्दा मात्र आपल्याकडे ठळक अक्षरांत लावायला हवा. दुःखाला अर्थ द्यायचा तो ते टाळता येण्याजोगं नसेल तेव्हाच. टाळता येत असेल तर आधी त्याचं कारण दूर करायचं. आपल्याकडे मार खाणाऱ्या सुनेला 'सोस, याचं फळ मिळेल' म्हणणारे लोक सापडतात, आणि अलीकडे तेच वेष्टण बदलून 'या अनुभवातून तू काय शिकतेस' असं म्हणणारे कोचही. असल्या अर्थशोधापेक्षा पोलिसात केलेली तक्रार बरी. तुमच्या प्रकरणात एवढं टोकाचं काही नाही, पण संध्याकाळचा खड्डा एखाद्या ठराविक साहेबामुळे किंवा वाकड पुलावरच्या दीड तासाच्या ट्रॅफिकमुळे पडत असेल तर आधी टीम बदला, घरून काम मागून बघा. त्याला तत्त्वज्ञान लागत नाही.

बरं, शोध घेणं हेच मुळात दुखणं आहे का? स्टेगरनं २००६ मध्ये दहा वाक्यांची एक प्रश्नावली केली. तिच्यातली निम्मी वाक्यं 'अर्थ आहे' याबद्दल आणि निम्मी 'शोधतोय' याबद्दल. अमेरिकेत जास्त शोधणाऱ्यांना अर्थ कमी सापडलेला दिसला. २००८ मध्ये जपानशी तुलना केली तेव्हा तिथं उलट निघालं; शोधणाऱ्यांपाशी अर्थही जास्त होता. ज्या मुलखात लोक दर आषाढीला आळंदी-देहूहून चालत निघतात, तिथं शोधाला रोग मानायचं मला तरी कारण दिसत नाही.

मित्राच्या विपश्यनेबद्दल: वाईट सल्ला नाही. इगतपुरीला किंवा इतरत्र दहा दिवसांचं मौन पाळून बसणं अनेकांना मानवतं. अट एकच, आधी डिप्रेशनची तपासणी होऊ द्या, कारण खचलेल्या मनाला दहा दिवस स्वतःच्याच सोबतीत कोंडणं काहींना जड जातं. अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, तिथं खरं लिहा. आणि परत आल्यावर ऑफिसचा सोमवारचा स्टँड-अप कॉल तिथंच असणार आहे, हेही लक्षात असू द्या.

कुणाकडे जायचं? औषधं लागतील का हे ठरवायला मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एम.डी. सायकिअ‍ॅट्री झालेले डॉक्टर. खासगी परवडत नसेल तर पुण्यातल्या सरकारी ससून रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. बोलण्याच्या उपचारांसाठी मानसशास्त्रज्ञ. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते, ती विचारायला संकोच करू नका. आठवड्याच्या अभ्यासक्रमावर लाइफ कोच झालेल्यांकडे शोक घेऊन जाऊ नका. पद्धतीचं नाव फारसं महत्त्वाचं नाही. न्यूयॉर्कमध्ये विल्यम ब्राइटबार्ट यांनी कर्करोगाच्या रुग्णांसाठी फ्रांकलच्या विचारावर सात-आठ सेशनची बांधीव पद्धत तयार केली आहे, पण तुमच्यासारख्याला एवढी बांधणी लागत नाही. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, मग पंधरवड्यानं, एवढं पुरतं.

पाच-सहा सेशन झाल्यावर थेरपिस्टला सरळ विचारा की आपण नेमकं कशावर काम करतोय. दोन वाक्यांत उत्तर आलं आणि ते तुम्हाला पटलं तर चालू ठेवा, नाहीतर दुसरीकडे जा. वाईट वाटून घेण्याचं दोघांनाही कारण नाही. पहिल्या भेटीला बायको यायचं म्हणाली तर येऊ द्या. आधी एकटे बोला आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटं तिला आत बोलवायला सांगा. वर्षभर तुम्ही घरात कसे वावरताय, हे तिला तुमच्यापेक्षा नीट सांगता येईल.